समुद्राच्या रंगांची उन्हाळी गोधडी : पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात पांघरायची गोधडी हलकी हवी, घाम टिपणारी हवी आणि धुऊन लवकर वाळणारी हवी. निळी कापडं पाहून लोक भुलतात, हौसेने जाड भरण घालतात आणि मग ती गोधडी थंडी येईपर्यंत कपाटात पडून राहते. म्हणून आधी थर ठरवा, मग रंग.

इथे दिलेली मापं ६० × ८० इंचांच्या, म्हणजे एका माणसाला ऐसपैस पुरणाऱ्या गोधडीची आहेत. रचना सगळ्यात सोपी, नुसत्या चौकोनांची: आडवे १२, उभे १६, एकूण १९२. प्रत्येक चौकोन ५.५ इंचांचा कापायचा, शिवल्यावर तो ५ इंचांचा राहतो. चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत जातो.

१. थर ठरवा

गोधडीला तीन थर असतात: वरचा दर्शनी, मधलं भरण आणि खालचं अस्तर. ती किती गरम होणार हे मुख्यतः भरणावर ठरतं. उन्हाळ्यासाठी पर्याय असे:

- भरणच नाही. दर्शनी थर आणि अस्तर, बस्स. सगळ्यात थंड, पण आतल्या शिलाया हाताला जाणवतात आणि टाक्यांना उठाव येत नाही.
- मध्ये एकेरी मलमल किंवा धुऊन मऊ झालेली जुनी सुती चादर. नवख्यांसाठी हा सगळ्यात चांगला पर्याय. हातशिलाईला सुई सहज जाते आणि गोधडी अंगावर पाण्यासारखी पडते.
- पातळ सुती बॅटिंग, म्हणजे भरणासाठी तयार मिळणारी कापसाची थापलेली चादर. टाक्यांना सुंदर उठाव येतो. वजन थोडं वाढतं, तरी पूर्ण गोधडी साधारण सव्वा ते दीड किलोत बसते.

फुगीर पॉलिएस्टर भरण घेऊ नका. त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ते ऊब देतं, आणि घाम ते शोषत नाही. थंडीत गुण ठरणारी हीच गोष्ट उन्हाळ्यात छळते.

अस्तरासाठी मऊ सुती कापड घ्या. सीअरसकर मिळालं तर उत्तमच. हे नाव फारसी ‘शीर-ओ-शकर’वरून आलं, म्हणजे दूध आणि साखर: एक पट्टा गुळगुळीत, शेजारचा खरबरीत. त्या सुरकुत्यांमुळे कापड अंगाला पूर्ण चिकटत नाही, मधून हवा खेळते. पण दर्शनी चौकोनांसाठी ते वापरू नका. इस्त्रीने सपाट होतं, सोडलं की आक्रसतं, आणि चौकोनाचं माप हलतं.

घट्ट विणीची बेडशीट अस्तराला लावायचा मोह अनेकांना होतो, कारण तिला जोड द्यावा लागत नाही. मशीनने शिवणार असाल तर चालेल. हाताने टाके घालणार असाल तर टाळा, कारण त्या विणीतून सुई ढकलून बोटं सोलवटतात.

२. कापड आणि हत्यारं

खालचं कापड ४४ इंच पन्ह्याचं धरलं आहे. धुऊन, आटून, काठ काढून त्यातलं ४१ इंच तरी वापरता येतं. एका आडव्या पट्टीत ७ चौकोन बसतात.

- गडद निळं, ३६ चौकोन: १ मीटर
- मध्यम निळं, ३६ चौकोन: १ मीटर
- फिकट हिरवट निळं, ४८ चौकोन: सव्वा मीटर
- फेसाचं पांढरं, २४ चौकोन: पाऊण मीटर
- ओल्या वाळूचा तपकिरी, १२ चौकोन: ४० सेंटिमीटर
- कोरड्या वाळूचा, ३६ चौकोन: १ मीटर
- कडेच्या गोटासाठी: ६० सेंटिमीटर
- अस्तरासाठी: ५ मीटर
- मधला थर: ६८ × ८८ इंच

एकाच छटेत दोन कापडं घेतलीत, एक साधं आणि एक छापाचं, तर गोधडी जिवंत दिसते. ३६ चौकोनांच्या छटेसाठी मग अर्धा-अर्धा मीटर घ्या, ४८च्या छटेसाठी ६५-६५ सेंटिमीटर.

हत्यारं: रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा), कापायची मॅट आणि पारदर्शक पट्टी असेल तर काम निम्म्या वेळात होतं. नसेल तर धारदार कात्री आणि ५.५ इंचांचा प्लॅस्टिकचा नमुना पुरतो. पुठ्ठ्याचा नमुना मात्र नको. दर वेळी पेन्सिल फिरली की त्याच्या कडा झिजतात, आणि पन्नासावा चौकोन पहिल्यापेक्षा लहान निघतो. शिवाय टेप, टाचण्या, सेफ्टी पिना, इस्त्री, सीम रिपर (टाके उसवायचं हत्यार), अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) आणि सुती दोरा. दोऱ्याच्या रिळावरचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, हे लक्षात ठेवा: चौकोन जोडायला ५० नंबरचा, वरचे टाके घालायला ४० नंबरचा. मशीनला जोडताना ८०/१२ ची सुई, तीन थर शिवताना ९०/१४ ची.

३. समुद्र निवडताना

शंख-शिंपले, नांगर, दीपस्तंभ छापलेली सहा कापडं एकत्र आणली म्हणजे समुद्र होत नाही, नुसती गर्दी होते. समुद्र दिसतो तो छटांच्या उतरणीतून. पाणी प्रकाशातला तांबडा भाग आधी शोषून घेतं. म्हणून खोल पाणी गडद निळं दिसतं, आणि पांढऱ्या वाळूवरचं उथळ पाणी हिरवट निळं. तुमची कापडंही त्याच क्रमाने लागली पाहिजेत.

किनाऱ्याकडे नीट पाहा: फेसाला लागून असलेली वाळू कोरड्या वाळूपेक्षा कितीतरी गडद असते. यादीत ओल्या वाळूच्या बारा चौकोनांची वेगळी ओळ ठेवली आहे ती याचसाठी. ती गाळली तर पांढरा फेस आणि फिकट वाळू एकमेकांत मिसळतात आणि गोधडीचा खालचा भाग विटलेला दिसतो. ही एक ओळ सगळ्या रचनेला पाय देते.

दुकानात सगळी कापडं शेजारी शेजारी ठेवून फोनने कृष्णधवल फोटो काढा. डोळ्यांना वेगळे वाटणारे दोन निळे फोटोत एकसारखे राखाडी दिसले, तर शिवल्यावर ते एकच दिसणार. त्यातला एक बदला.

छापाबद्दल तीन सूचना. नक्षीचा आकार ३ इंचांपेक्षा मोठा नको, नाहीतर चौकोनात माशाचं शेपूट येतं आणि डोकं शेजारच्या तुकड्यात जातं. होड्यांसारखे वर-खाली असलेले छाप घेतले तर कापतानाच वरच्या बाजूला खूण करा. पट्ट्यांचं कापड सुंदर दिसतं, पण चौकोन कणभर तिरका कापला तरी लगेच कळतं. पट्टे कसे असावेत याचा जुना नमुना फ्रेंच नौदलाच्या सदऱ्यात आहे: १८५८ च्या नियमाप्रमाणे त्याचे पांढरे पट्टे निळ्याच्या दुप्पट रुंद होते. त्या प्रमाणात कापड मोकळं दिसतं. उलट केलं तर तेच जड वाटतं.

पोवळ्याच्या रंगाचे, म्हणजे केशरी-गुलाबी, चार-पाच चौकोन मध्येच टाकले तर निळा उजळतो. दहा टाकलेत तर नजर फक्त त्यांच्यावरच जाते.

४. आधी धुवा, रंग तपासा

सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं, आणि प्रत्येक कापड सारखं आटत नाही. न धुता शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यानंतर ठिकठिकाणी ओढली जाते.

त्याहून मोठा धोका गडद निळ्याचा. नीळ धाग्याच्या पृष्ठभागावरच जास्त बसते, त्यामुळे नुसत्या घासण्यानेही निघते. पांढरं ओलं फडकं त्या कापडावर दहा-बारा वेळा घासा. फडकं निळं झालं तर कापड गरम पाण्यात साबण घालून धुवा, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धूत राहा. चार-पाच धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड या कामाचं नाही, कारण त्याच्या शेजारीच तुमचा पांढरा फेस बसणार आहे.

मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं. कारखान्यात आधीच रंगवलेल्या सुती कापडावर त्याचा भरवसा धरू नका. सुटा राहिलेला रंग धुऊन काढणं हाच उपाय.

कापड किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा, म्हणजे सुरकुत्या नीट जातात.

५. कापणी

कापडाच्या काठाला समांतर जाणारा तो उभा धागा, त्याला काटकोनात आडवा, आणि तिरका गेला की ओरेब. चौकोनाच्या कडा उभ्या-आडव्या धाग्यावरच हव्यात. ओरेब कड ताणली जाते आणि चौकोनाचा पतंग होतो.

कापडाच्या टोकाला छोटी चीर देऊन एक धागा ओढा. त्याची जी रेष उमटते तिथून कापलं की कड सरळ मिळते. मग ५.५ इंच रुंद आडव्या पट्ट्या कापा आणि पट्ट्यांचे चौकोन करा. रोटरी कटरने एका वेळी चारच थर कापा. सहा-आठ थर घेतले की खालचे सरकतात. गोटासाठी अडीच इंच रुंद आठ पट्ट्या आत्ताच कापून बाजूला ठेवा, नंतर त्या कापडाचं दुसरंच काही शिवलं जातं.

६. मांडणी

पंखा बंद करा आणि सगळे चौकोन जमिनीवर किंवा मोठ्या पलंगावर मांडा. वरून खाली: गडद निळ्याच्या ३ ओळी, मध्यमच्या ३, हिरवट निळ्याच्या ४, फेसाच्या २, ओल्या वाळूची १, कोरड्या वाळूच्या ३.

असंच शिवलं तर आडवे पट्टे दिसतात, पाणी दिसत नाही. म्हणून जिथे दोन छटा भेटतात तिथे बारापैकी तीन-चार चौकोनांची वरच्या-खालच्या ओळीत अदलाबदल करा. फेस आणि ओली वाळू यांच्या सीमेवर हे मन लावून करा, कारण लाटेची कड कधीच सरळ नसते. तीन चौकोन एकत्र खाली आणि मग एकच वर, अशी असमान कड जास्त खरी वाटते. एक आड एक केलीत तर बुद्धिबळाचा पट होतो.

लांब उभे राहून पाहा, फोटो काढा, रात्रभर तसंच राहू द्या. मग प्रत्येक ओळीच्या डावीकडच्या पहिल्या चौकोनाला ओळ-क्रमांकाची चिठ्ठी टाचा आणि ओळीने गोळा करा.

७. जोडणी : अर्ध्या सुताचा हिशेब

नवख्यांची गोधडी सगळ्यात जास्त इथे बिघडते. शिलाई बरोबर पाव इंचावर, म्हणजे दोन सुतांवर हवी. समजा तुमची शिलाई अर्धा सूत आत जाते. ती दोन्ही चौकोन अर्धा-अर्धा सूत खाते, म्हणजे एका जोडाला एक सूत गेला. एका ओळीत ११ जोड असतात, म्हणजे ११ सूत, जवळजवळ दीड इंच. आणि एका ओळीची चूक दुसरीसारखी नसते, त्यामुळे ओळी एकमेकींना जुळतच नाहीत.

आधी चाचणी घ्या. दीड इंच रुंद तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिलाई एक-दोन धाग्यांनी बाहेर घ्या, कारण घडीतही थोडं कापड जातं. बरोबर जागा सापडली की मशीनच्या पाटीवर तिथे चिकटपट्टी लावा आणि कड तिला लावूनच शिवत जा. टाक्याची लांबी २.५ मिलिमीटर ठेवा.

एका ओळीचे बारा चौकोन जोडून झाले की आतली शिलाई एका बाजूला दाबा: विषम ओळीत डावीकडे, सम ओळीत उजवीकडे. मग दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिलायांचे उंचवटे एकमेकांत अडकतात. बोटांनी चाचपलं तर खट्कन बसल्यासारखं जाणवतं. तिथे टाचणी लावा, चारही कोपरे आपोआप जुळतात.

इस्त्री घासू नका. ठेवा, दाबा, उचला. घासल्याने चौकोन ताणले जातात. दोन ओळी जोडल्यावरची आडवी शिलाई फेसाच्या पांढऱ्यापासून दूर, गडद कापडाकडे दाबा. नाहीतर पांढऱ्यातून निळी सावली दिसते आणि ती धुऊनही जात नाही.

प्रत्येक ओळ ६०.५ इंच भरायला हवी. दोन सुतांचा फरक असेल तर लांब ओळ खाली ठेवून शिवा. मशीनचे दाते खालचं कापड थोडं जास्त ओढून घेतात आणि फरक जिरतो. त्याहून जास्त फरक असेल तर ओढाताण करू नका. ती ओळ मोजा, चुकीचा जोड शोधा आणि उसवा.

८. थर बसवणं

अस्तराचे ८८ इंचांचे दोन तुकडे लांबीत जोडून त्यातून ६८ × ८८ इंच काढा. भरणही तेवढंच. चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त लागतं, कारण टाके पडतील तसे थर आत ओढले जातात.

अस्तर उलटं करून जमिनीवर पसरा आणि कडा चिकटपट्टीने धरून ठेवा. सुरकुती निघेल इतकंच ओढा. ताणून लावलेलं अस्तर सोडल्यावर आक्रसतं आणि मागे चुण्या पडतात. त्यावर भरण, त्यावर दर्शनी थर सुलट. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दर चार इंचांवर सेफ्टी पिना लावा. सुमारे ३०० लागतील. तेवढ्या नसतील तर पांढऱ्या दोऱ्याने लांब कच्चे टाके घाला. गडद दोऱ्याचा रंग फिकट कापडात उतरू शकतो.

९. लाटांचे टाके

प्लॅस्टिकचा १० इंच लांबीचा लाटेचा नमुना कापा, माथा ते तळ दीड इंच. आडवा सहा वेळा ठेवला की पूर्ण रुंदी भरते. याहून उंच लाट नको, वॉकिंग फूटने (वरचे-खालचे थर एकत्र पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या पायाने) शिवताना वळणावर चुण्या येतात.

लाटा किनाऱ्याजवळ येतात तशा एकमेकींच्या जवळ येतात. तेच टाक्यांत आणा: गडद निळ्यात ओळींमधलं अंतर ४ इंच, मध्यम आणि हिरवट निळ्यात ३, फेसाजवळ २. वाळूत नुसत्या लांब, जवळजवळ सरळ ओळी. भरणाच्या वेष्टनावर दोन ओळींतलं जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असतं, त्याच्या आत राहा. आणि सगळीकडेच दाट टाके घालू नका. दाट टाक्यांची गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, अंगावर पडत नाही.

खुणांसाठी गडद कापडावर अंगाच्या साबणाची पातळ झालेली पांढरी चकती सगळ्यात बरी. फिकटावर पाण्याने जाणारं पेन चालेल, पण ती खूण धुण्याआधी इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती कायमची बसू शकते. कुठलंही पेन आधी तुकड्यावर वापरून पाहा.

मशीनवर: टाका ३ मिलिमीटर, मधल्या लाटेपासून सुरुवात, सगळ्या ओळी एकाच दिशेने. गोधडीचं वजन टेबलावर राहू द्या. ती खाली लोंबली की कापड मागे ओढलं जातं आणि टाके बारीक होतात.

हाताने: बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतचा दोरा घ्या, त्याहून लांब गुंततो. गाठ हलक्या झटक्याने वरच्या कापडातून आत, भरणात ओढून लपवा. धावदोऱ्याचे इंचात पाच-सहा टाके पुरेत. ते बारीक असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं.

१०. गोट

कडा सरळ कापून घ्या. आठ पट्ट्या ४५ अंशांत तिरक्या जोडा, म्हणजे जोडाची जाडी एका जागी साचत नाही. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा आणि तिची उघडी कड गोधडीच्या कडेला लावून पाव इंचावर सुलट बाजूने शिवा. सुरुवात कोपऱ्यावर नको, एका बाजूच्या मध्यावर करा आणि पहिली दहा इंच पट्टी मोकळी सोडा.

कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, दोरा तोडा. पट्टी वर काटकोनात दुमडा, मग सरळ खाली आणा, वरची घडी गोधडीच्या कडेशी जुळवा आणि कडेपासून पुन्हा शिवा. चुकून टोकापर्यंत शिवलंत तर कोपरा गोल होतो, ती शिलाई उसवावीच लागते. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांवर अडीच इंच चढवून कापा, तिरकी जोडा आणि राहिलेला भाग शिवा. पट्टी मागे वळवून तुरपाई करा.

पट्ट्यांचं कापड ओरेब कापून गोट लावलात तर कडेला पीळ घातलेला जहाजाचा दोर आल्यासारखं दिसतं. फार देखणं दिसतं, फक्त कापड जास्त लागतं आणि लावताना ताणायचं नसतं.

११. पहिलं धुणं

थंड पाणी, सौम्य साबण, आणि मशीनमध्ये रंग टिपणारा कागद. धुणं थांबताच बाहेर काढा. ओली गोधडी तशीच पडून राहिली तर निळा पांढऱ्यात उतरतो, आणि उतरलाच तर वाळू देऊ नका, लगेच पुन्हा धुवा. इस्त्रीही नको. वाळवताना एका दोरीवर लटकवू नका, पाण्याच्या वजनाने शिलाया ओढल्या जातात. दोन समांतर दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. भरण आधी धुतलेलं नसेल तर ते आता आटेल आणि प्रत्येक टाक्याभोवती बारीक सुरकुत्या उठतील. लाटांच्या ओळी तेव्हा पहिल्यांदा नीट उठून दिसतात.